नमुना क्रमांक चार

खापरीच्या पुलावर गाडीनं दम टाकला.
पाय तळाला, काटा तिथंच,
मागच्या ट्रकचा हॉर्न पाठीत,
आणि समोर एक पिवळा दिवा लागला,
डॉक्टरांनी बोलण्याआधी चष्मा काढावा
तसा शांत.

बाहेर शेहेचाळीस. वर्धा रोडच्या शोरूममध्ये शाल लागावी असा गारवा.
रोशन लांजेवार, माझ्या भाच्याच्या वयाचा,
कागद फिरवून माझ्याकडे करतो:
चारही इंजेक्टर. हाय प्रेशर पंप. जमल्यास टर्बो.
मजुरी, कर, किरकोळ.
एक लाख बेचाळीस हजार सहाशे.
त्यातले सहाशे मला उगाच प्रामाणिक वाटले.

"कशावरून?"
"मॅडम, स्कॅनरमध्ये कोड आला ना."
"कोड म्हणजे ताप. ताप कशाचा?"
तो हसला. त्याची नजर भिंतीवरच्या फळ्याकडे गेली,
तिथं त्याच्या नावापुढं टार्गेट
आणि टार्गेटपुढं कोरा रकाना.

एकतीस वर्षं मी मेडिकलच्या लॅबमध्ये काढली.
रक्त, थुंकी, लघवी.
कुणाचाही आजार मी चेहरा पाहून लिहिला नाही.
इथं काचेपलीकडे माझी गाडी, बॉनेट उघडं,
काचेवर पाटी: ग्राहकांना आत प्रवेश नाही.

"नऊ वर्षांची झाली ना मॅडम. डिझेलचं असंच असते."
मी ऑगस्टात साठची होते.
माझे चारही काढायचे का, हे मनात.
तोंडानं एवढंच: "गाडी द्या. तपासणीचे किती?"
अठराशे. पावती मागून घेतली.

पारडीला टिनाचं शेड.
ओल्या खसाचा आणि डिझेलचा एकच वास.
खुशाल मडावीनं कागद वाचला, होता तसा घडी घालून परत दिला.
"हे सारं खराब असन, तर गाडी इथवर आली कशी ताई?"
मग फळीवरून खोकल्याच्या औषधाच्या चार रिकाम्या बाटल्या काढल्या,
इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या एकेकीत सोडल्या.
"थांबा," मी म्हटलं. पर्समधून मार्कर.
एक, दोन, तीन, चार.
बिनलेबलाचा नमुना म्हणजे नुसतं पाणी,
किती पोरींना शिकवलंय हे मी.
"हाव," तो म्हणाला, "हे बेस केलं."

इंजिन सुरू. आम्ही दोघं उकिडवे.
थेंब थेंब, फिकट पिवळं,
निरोगी माणसाच्या पहाटेसारखं.
तीन बाटल्या सारख्या.
चौथी अर्धं बोट वर.

आजार भलतीकडेच निघाला.
टर्बोच्या हवेचा रबरी पाइप:
वरून हात फिरवा, शहाणा;
पिळला, की पोटाकडून तोंड उघडतो.
पाइप एकवीसशे, मजुरी चारशे,
"अन् चहा तुमच्याकडून."

घर उलट्या दिशेला, तरी मुद्दाम जाऊन
तोच पूल चढले. दोनदा.

रात्री रोशनचा फोन.
"मॅडम, कंपनीतून विचारतील, दहापैकी दहा सांगाल ना?
नाहीतर माझं..." पुढचं त्यानं गिळलं.
त्या आवाजाला एसी नव्हता.
विचारणाऱ्या बाईला मी म्हटलं,
"पोराच्या वागण्याला दहा. तपासणीला शून्य."
तिच्याकडे दोन रकाने नव्हते.
"मग पाच लिहू?"
"नको. पाच कुणालाच नको."
ती गप्प. शेवटी दहाच लिहिले असावेत.

चौथ्या बाटलीचं मात्र डोक्यातून जात नाही.
निघताना विचारलं होतं, "मग हिचं काय?"
खुशाल हात पुसत राहिला.
"आत्ता काहीच नाई. पुढच्या मे मंदी परत मोजू."
कुणी मला इतक्या दिवसांत
"माहीत नाही" इतकं नीट सांगितलं नव्हतं.

किराण्याच्या वहीत, मागच्या पानावर:
नमुना क्रमांक चार. अर्धं बोट.
पुन्हा तपासणे.